जुलैत मसाई माराला जाताना

जुलै आला की अख्खी दुबई मला हाका मारू लागते. कुणाच्या बेडरूममध्ये पाणी गळतंय, कुणाचा कॉम्प्रेसर बसलाय, कुणाचं बाळ घामानं रडतंय. मी एसी मेकॅनिक, एकोणीस वर्षं झाली. राहायला अजमान, काम बहुतेक जुमेरा लेक टॉवर्समध्ये, चाळीस-चाळीस मजली इमारतींच्या गच्च्यांवर. जुलैत सकाळी आठलाच तिथल्या पत्र्यावर हात ठेववत नाही. दुपारी उन्हातलं काम बंद असतं, तेव्हा आम्ही बेसमेंटमध्ये व्हॅनच्या आडोशाला डबे उघडून बसतो. परवा असंच जेवताना खेडचा आमचा दिलीप म्हणाला, "भाऊ, तुम्ही खरंच आफ्रिकेला गेलेलात? वाघ-सिंह बघायला? काय काय लागतं ओ जायला?"

बाकीचे हसले. दिलीप हसला नाही. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि आम्हा लोकांत असं कुणी विचारत नाही. म्हणून शुक्रवारी कपडे धुऊन झाल्यावर हे लिहायला बसलोय.

तर दिलीप, आधी एक लक्षात घे, वाघ तिथे नसतात. सिंह असतात, चित्ते असतात, हत्ती तर रस्त्यावर येऊन उभे राहतात. साहेबलोकांना हे सगळं सांगणारे पुष्कळ आहेत. कुठला कॅमेरा न्यावा, कुठल्या लॉजमधून सूर्यास्त बरा दिसतो, सगळं त्यांना घरबसल्या कळतं. आपल्याला कुणी सांगत नाही. आपण तिथे जाऊ असं कुणाच्या डोक्यातच येत नाही, आपल्या स्वतःच्याही नाही.

माझ्या डोक्यात ते आलं एका जुलैतच. टॉवरमधल्या साठेसाहेबांकडे एसीत गॅस भरायला गेलो होतो. पुण्याचं कुटुंब, दुसऱ्या दिवशी केनियाला निघालेलं. हॉलभर बॅगा पसरलेल्या आणि साठेबाई मुलीच्या मागे लागलेल्या, "अन्वी, स्वेटर कुठाय तुझा?" मुलगी म्हणाली, "मॉम, इट्स फोर्टी-सिक्स डिग्रीज आउटसाइड!" बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मलाच सांगू लागल्या की जुलैत मसाई माराच्या अभयारण्यात पहाटे दात वाजतात, इथल्या लोकांना पटतच नाही. फ्रिजवर त्यांनी यादी चिकटवली होती. प्रेशर चढेपर्यंत मी ती वाचत उभा राहिलो. पिवळ्या तापाची लस. हिवतापाच्या गोळ्या. मऊ बॅग, कडक सूटकेस नको. निळे-काळे कपडे नकोत, चावणाऱ्या माश्या त्यावर येतात. खाली एक वाक्य होतं, जुलै ते सप्टेंबर कळप नदी ओलांडतात.

"बाई, याचा फोटो काढू का?" मी विचारलं.

बाई घ्या म्हणाल्या. साहेब सोफ्यावरून हसले. वाईट माणूस नाही, दर वेळी पाणी विचारतो. म्हणाले, "तुम्ही काय करणार याचं? तुमची रजा म्हणजे गाव. तेच बरं असतं हो, खरं सांगतो."

मी गॅसचा पाइप गुंडाळला आणि खाली आलो. लिफ्टमध्ये एकटाच होतो, आणि कधी नव्हे इतका तापलो होतो. तेच बरं असतं, हे मला सांगणारे हे कोण? पण राग त्यांच्यावर फार वेळ टिकला नाही, कारण ते खोटं बोलले नव्हते. माझी रजा म्हणजे गावच होतं. दोन वर्षांतून एकदा महिनाभर. त्या महिन्यात पाहुणे, देवदर्शन, कुणाचं लग्न, कुणाची मुंज, गळकं छप्पर, बांधावरून भांडण. माझी बायको शुभांगी पहाटे उठून पन्नास भाकऱ्या थापायची, कारण दुबईवाला आलाय म्हणून घरात माणसांचा राबता. इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका छताखाली राहिलो ते जेमतेम दहा महिने. तेही असे, की दोघांत चार वाक्यं बोलायची तर गोठ्यात जावं लागायचं.

पुढच्या वर्षी मार्चमध्येच मी सुपरवायझर नौशादकडे गेलो. तो केरळचा, आमच्यापेक्षा जुना. एसी मेकॅनिकला रजा मिळते हिवाळ्यात, हा इथला अलिखित नियम. जुलैत रजा मागणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचाऱ्यानं सुट्टी मागण्यासारखं.

"जुलाई में छुट्टी?" नौशाद खुर्चीतून उठलाच. "हबीबी, दिमाग ठिकाने पे है? दिसंबर में जा, पूरा महीना ले."

"दिसंबर में नदी पे कुछ नहीं होता," मी म्हणालो.

"कौन सी नदी?"

मी सांगितलं. तो परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, दहा दिवस देतो, एकही जास्त नाही, यल्ला, जा आता. दहा दिवसांत गाव आणि आफ्रिका दोन्ही होणार नव्हतं. एकच काहीतरी निवडायचं होतं. इतकी वर्षं मला कुणी निवडायला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे मी ते दहा दिवस हातात धरून दोन रात्री तळमळत होतो.

तिसऱ्या दिवशी शुभांगीला व्हिडिओ कॉल लावला. ती चुलीपुढे होती. म्हटलं, "या वेळी गावी येत नाही. तूच ये. केनियाला जाऊ." तिनं फुंकणी खाली ठेवली. मला वाटलं आता आईचं विचारेल, शेताचं विचारेल, आपला मुलगा रत्नागिरीला हॉस्टेलवर आहे त्याचं विचारेल.

तिनं विचारलं, "तिथं आपलं कोण आहे?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही गं."

"मग चला," ती म्हणाली.

दिलीप, कुठल्याही यादीत हे नसतं, पण जागा निवडायची तर अशी निवडावी.

घरी कळल्यावर व्हायचं ते झालं. धाकटा भाऊ सुरेश फोनवर म्हणाला, "दादा, स्लॅबचं काम काढलंय, आणि तू चैनीला निघालास?" मी म्हटलं, "हो." एवढंच म्हटलं. चैन हा शब्द त्यानं शिवीसारखा वापरला होता, मी तो तसाच उचलून खिशात टाकला. आईनं मात्र गावात सांगून टाकलं की कंपनीनं मोठ्याला आफ्रिकेत कामावर धाडलंय. तिचाही दोष नाही. आमच्याकडचा माणूस कामाशिवाय समुद्रापलीकडे जातो, हे तिला कुणाला सांगताच आलं नसतं. शुभांगीनं पाणवठ्यावर उभं राहून ते दुरुस्त केलं. "कामाला नाही. बघायला चाललोय आम्ही."

आता कामाचं सांगतो. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, आणि ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. ठरावीक सरकारमान्य केंद्रं आहेत. शुभांगी त्यासाठी मुंबईला बहिणीकडे जाऊन राहिली. पिवळं कार्ड देतात ते पासपोर्टसोबत जपायचं, कारण भारतात परत शिरताना ते विचारतात, आणि नसलं तर वेगळं ठेवतात. केनियात शिरायची परवानगी ऑनलाइन काढायची, आधीच, विमानतळावर जाऊन नाही. त्या फॉर्ममध्ये येण्याचं कारण विचारतात. मी आयुष्यात जेवढे फॉर्म भरले त्यात त्या ठिकाणी 'नोकरी' लिहीत आलो. या वेळी 'पर्यटन' निवडलं आणि उगाचच दोनदा तपासून पाहिलं.

खर्चाचं विचारशील तर सांगतो, नैरोबीहून व्हॅन असते, सहा-सात जणांत मिळून. लॉज नको, तंबू घ्यायचा. तंबूत पलंग असतो, मच्छरदाणी असते, गरम पाणी ठरावीक वेळी येतं. गावच्या एका रजेत पाहुणचारात जेवढे जातात त्याहून जास्त गेले नाहीत. ज्यांना पटत नाही त्यांनी आपल्या मागच्या रजेचा हिशोब काढून बघावा.

आणि आता माझा मूर्खपणा. साठेबाईंच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं, मऊ बॅग. मी ते वाचलं होतं, तोंडपाठ होतं. तरी निघायच्या आदल्या संध्याकाळी मी अजमानच्या बाजारात गेलो आणि हातांनी आपोआप नेहमीचं सामान उचललं. दुधाची पावडर, टँग, साबणांचे गठ्ठे, बाम, बदाम, खजूर, एक जाड ब्लँकेट. खोलीवर येऊन मोठा खोका भरला, चिकटपट्टी मारली, दोरी आवळली, मार्करनं चारी बाजूंना नाव आणि गावाचा पत्ता लिहिला. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. गावी जायचंच नव्हतं! खोलीतले चौघे मदतीला, गाठ मारायला, त्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. शारजाच्या विमानतळावर खोका पट्ट्यावरून आत गेला तेव्हा मला ते उमगलं, आणि मी एकटाच हसत सुटलो.

नैरोबीला उतरलो तर शुभांगी माझ्याआधी तीन तास येऊन बसलेली. पहिल्यांदा विमानात बसलेली बाई, इंग्रजी दोन-चार शब्दांचं. मला धाकधूक होती. ती एका बाकावर आरामात बसली होती आणि तिच्या मांडीवर, बाजूला, सगळीकडे गाठोडी. जुन्या सुती साडीचे तुकडे, ओढणी, रुमाल, सगळ्याला गाठी. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा चालत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. शुभांगीनं कुळथाचं पीठ, आमसुलं, मेतकूट, फणसपोळी, सगळं माझ्यासाठी वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून आणलं होतं, मी गावाहून परतताना ती दर वेळी बांधून देते तसंच. तिथल्या बाईनं पिशव्या मागितल्यावर हिनं जमिनीवर बसकण मारली आणि एकेक पीठ कापडात ओतून घेतलं.

"भांडलीस?" मी विचारलं.

"भांडायचं काय त्यात? तिला मी मराठीत सांगितलं थांब जरा म्हणून. थांबली बिचारी." मग तिनं माझ्या खोक्याकडे पाहिलं. पत्ता वाचला. "हे कुणासाठी?"

आम्ही दोघंही, कुणीही ओळखीचं नसलेल्या शहरात, एकमेकांना रजेचं सामान घेऊन भेटलो होतो.

आमचा ड्रायव्हर जोसेफ हाच आमचा गाइड. सहा फूट उंच, शांत माणूस. त्यानं खोका पाहिला आणि नुसती मान हलवली. व्हॅनमध्ये जागा नव्हती. खोका नैरोबीच्या हॉटेलात ठेवला, फक्त ब्लँकेट तेवढं शुभांगीनं दोरी कापून बाहेर ओढलं. सगळ्या खोक्यात उपयोगाची वस्तू तीच निघाली. थंडीबद्दल यादी अगदी खरी आहे, दिलीप. पहाटे साडेपाचला व्हॅन निघते, वरचं छत उचललेलं असतं, आणि वारा कानात शिरतो. मी शेचाळीस डिग्रीतून गेलेलो, अंगात कंपनीची निळी पँट, कारण धड अशी तेवढीच. माश्यांनी मला शोधून काढलं. शुभांगी ब्लँकेटमध्ये गुरफटून बसलेली, फक्त डोळे बाहेर, आणि मला म्हणते, "यादी तुम्हीच पाठवली होतीत ना?"

आणखी काय सांगू? निघण्याआधी पोटपाणी उरकून घ्यायचं, मध्येच उतरता येत नाही, झुडपाआड काय असेल सांगता येत नाही. चालत्या व्हॅनमध्ये उभं राहायचं नाही. सिंह दिसला की ओरडायचं नाही, टाळी, चुटकी, शिट्टी काही नाही. माणसांचे फोटो विचारून काढायचे. आठ दिवसांत सगळी जनावरं दिसतीलच असं धरून जायचं नाही. जेवणाची काळजी नको, तिथे चपातीला चपातीच म्हणतात. मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा मिळतो, उगाली. शुभांगीनं कँपच्या आचाऱ्याकडून गरम पाणी आणि भांडं मागून घेतलं, कुळथाची पिठी केली आणि उगालीशी खाल्ली. आचाऱ्यानंही खाल्ली. त्याचं तोंड बघून मला वाटलं नाही की आवडली, पण त्यानं भांडं घासून दिलं.

आणि संध्याकाळी तंबूपुढे बसून आम्ही बोललो. कशाबद्दल ते लिहिणार नाही. एवढंच सांगतो की लग्नाच्या एकविसाव्या वर्षी मला कळलं, माझ्या बायकोला लहानपणी पोस्टात नोकरी करायची होती. मला ते ठाऊक नव्हतं. विचारायला वेळ कुठे होता, असं मी म्हणणार होतो, पण ते खोटं झालं असतं. वेळ होता, तो आम्ही सगळ्यांना वाटून टाकला होता.

सहाव्या दिवशी नदीवर गेलो. पलीकडच्या काठावर विल्डबीस्टचा कळप उभा होता. गाईचं धड, बोकडाची दाढी, असा तो प्राणी. हजारो असतील. पुढची काही पाण्यापर्यंत यायची, हुंगायची आणि मागे फिरायची. पाण्यात मगरी होत्या, लाकडाच्या ओंडक्यांसारख्या पडलेल्या. तास गेला, दोन गेले. बाकीच्या गाड्या कंटाळून निघून गेल्या. आमच्या व्हॅनमधलं एक म्हातारं परदेशी जोडपंही चुळबुळ करू लागलं. "पोले पोले," जोसेफ म्हणाला. सावकाश, असा अर्थ. साडेतीन तासांनी एकानं उडी घेतली आणि मग सगळा काठच खाली कोसळल्यासारखा झाला. धूळ, हंबरणं, पाण्याचा आवाज. पिल्लं आयांच्या कुशीला घासून पोहत होती. काही वाहून गेली. या काठाला लागलेल्या आया मागे वळून ओरडत होत्या, आपलं सापडेपर्यंत पुढे जात नव्हत्या.

शुभांगी छताच्या दांडीला धरून उभी होती. मला म्हणाली, "अहो, ही दर वर्षी जातात?"

"दर वर्षी. गवत संपलं की निघतात. पोटासाठी."

"अशी बायकापोरांसकट?"

"हो."

ती पाण्याकडेच बघत म्हणाली, "मग यांना कळतं म्हणायचं."

मला संताप आला, तिचा नाही. इतकी वर्षं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, की माणूस परदेशी कमवायला जातो तो एकटाच जातो, बाईनं घर सांभाळायचं असतं, हे असंच असतं. बाकीचे सांगत होते ते सोड, मी स्वतः नव्या पोरांना हेच सांगत आलो होतो. खोलीवर नवा कुणी रडला की त्याच्या पाठीवर हात ठेवून मी हे सांगायचो आणि मोठेपणा मिरवायचो. त्या काठावर मला त्याची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

नैरोबीला परतल्यावर शुभांगीनं खोका उघडला आणि हॉटेलात झाडलोट करणाऱ्या बायकांना बोलावून साबण, पावडर, खजूर सगळं वाटून टाकलं. म्हटलं, "अगं, गावात काय सांगशील?" ती म्हणाली, "काय सांगायचं? काही आणलं नाही." आणि तसंच झालं. ती गावी घरी पोचल्यावर बायका जमल्या, जाऊबाईनं विचारलं, काय आणलंत आमच्यासाठी, आणि हिनं सरळ सांगितलं, काही नाही. दोन दिवस घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बोलू लागले. इतकंच असतं ते, पण हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं.

या जुलैत मी रजा मागितली नाही. नौशाद दोनदा विचारून गेला, "इस साल कौन सी नदी?" मी त्याला घरी जेवायला बोलावलं. हो, घरी. अजमानमध्ये एका कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली घेतली आहे, स्वयंपाकघर सामाईक. जूनमध्ये शुभांगी व्हिजिट व्हिसावर आली. खोली एवढीशी आहे की पलंगावर बसूनच कपाट उघडावं लागतं. दोन महिन्यांनी व्हिसा संपेल, मग पुढचं काय ते इन्शाल्ला बघू, पण बघणार आम्ही दोघं.

काल संध्याकाळी सुरेशचा फोन आला. स्पीकरवर होता. स्लॅब झाला, आता आईचे गुडघे, भातलावणी, घरात हात कमी पडतायत. आईसाठी महिन्याच्या पगारावर बाई लावून देतो, असं मी सांगून झालं होतं. तो ऐकून न घेतल्यासारखा म्हणाला, "ते ठीक आहे रे दादा, पण वहिनीला कधी पाठवतोस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शुभांगीनं कणकेचे हात तसेच पुढे करून फोन घेतला.

"भावोजी, मला पाठवायला मी काही सामान नाही. यायचं तेव्हा मी येईन, माझं मी ठरवीन," ती म्हणाली. मग रोजच्या आवाजात तिनं विचारलं, "आई जेवल्या का?"